सीपॅप यंत्राचा फिल्टर पाच आठवड्यांतच काळा पडतो. धुवावा की बदलावा?

जेलरोडवासी

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षीच्या स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) त्यांचा श्वास झोपेत तासाला ४२ वेळा अडतो किंवा मंदावतो असे निष्पन्न झाले आणि श्वसनरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने गेले आठ महिने ते रोज रात्री सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून ठरलेल्या दाबाने हवा देणारे यंत्र) लावून झोपतात. यंत्राच्या पडद्यावर हाच आकडा आता बहुतेक सकाळी ५ च्या आत दिसतो. दुपारी वर्तमानपत्र हातात घेताच ज्यांची मान खाली जायची, ते आता संध्याकाळी नातवाला घेऊन फिरायला जातात. या यंत्रामुळे आमच्या घरात एवढा फरक पडला आहे की त्याच्या देखभालीत माझ्या अज्ञानामुळे काही उणे राहू नये, एवढीच तळमळ आहे.

आम्ही नाशिकरोडला जेलरोड भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरासमोरचा रस्ता जलवाहिनीसाठी खोदलेला असून, खिडक्या लावून घेतल्या तरी रोज टेबलावर बोटाने अक्षर उमटेल इतकी धूळ बसते. यंत्राच्या पुस्तिकेत फिल्टर किमान दर सहा महिन्यांनी एकदा बदलावा असे लिहिले आहे. पण आमचा पांढरा, धाग्यांचा चौकोनी फिल्टर पाच आठवड्यांतच फळा पुसायच्या फडक्यासारखा करडा होतो.

मागच्या आठवड्यात वडिलांनी तो भांड्यांच्या साबणाने नळाखाली धुतला, दिवसभर पंख्याखाली ठेवला आणि हाताला कोरडा लागतो हे पाहून रात्री बसवला. त्या रात्री यंत्राचा नेहमीचा मंद आवाज बदलून बारीक शिट्टीसारखा येऊ लागला आणि पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी मास्क काढून ठेवला. सकाळी मी फिल्टर बाहेर काढून दोन बोटांत दाबला, तर आतल्या थरातून ओल बोटांना लागली.

यंत्र ज्या दुकानातून घेतले तेथे विचारले असता "धुऊन वापरा, सगळेच वापरतात" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका विक्रेत्याने दर महिन्याला नवा घ्या असे सांगितले. एका शेजाऱ्यांनी गाडीच्या एसीचा फिल्टर त्याच मापाचा कापून बसवण्याचे सुचवले. यांतले बरोबर काय, आणि धुतलेल्या फिल्टरमुळे यंत्राला इजा झाली असेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त तंत्रज्ञ, गंगापूर रोड

आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. रुग्णालयातील श्वसन-उपकरणांच्या दुरुस्तीचे काम मी २६ वर्षे केले आहे, आणि फिल्टर ही या यंत्रातील सर्वांत स्वस्त पण सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे असे माझे मत झाले आहे.

आधी तो धुतलेला फिल्टर टाकून द्या. तो पुन्हा वापरू नका. एका रात्रीच्या ओलीने मोटर बिघडली असेल असे मला वाटत नाही, परंतु नवा कोरडा फिल्टर बसवूनही शिट्टीचा आवाज येत राहिला, किंवा हवेला कुबट वा जळका वास आला, तर यंत्र त्या कंपनीच्या सेवा केंद्रातच दाखवावे. घरी उघडू नये.

आता धुण्याविषयी. "फिल्टर" या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात आणि आपल्या दुकानदाराचा गोंधळ बहुधा तेथेच झाला असावा. आपण वर्णन केलेला पांढरा, दाबलेल्या तंतूंचा फिल्टर धुण्यासाठी बनवलेलाच नसतो. असाच फिल्टर असलेल्या एअरसेन्स १० या यंत्राच्या पुस्तिकेत तो धुऊ नये, पुन्हा वापरू नये, किमान दर सहा महिन्यांनी एकदा बदलावा आणि भोक पडलेले किंवा धूळ साचलेली दिसल्यास त्याआधीच बदलावा, असे स्पष्ट सांगितले आहे. लोक त्यातले "सहा महिने" तेवढे लक्षात ठेवतात आणि "किमान" हा शब्द विसरतात. ड्रीमस्टेशन या यंत्रात मात्र दोन प्रकारचे फिल्टर येतात: गडद निळा परागकणांचा फिल्टर पुन्हा वापरण्याजोगा असून तो निदान दोन आठवड्यांतून एकदा पाण्याने धुवायचा आणि सहा महिन्यांनी बदलायचा असतो, तर फिकट निळा अतिसूक्ष्म फिल्टर अजिबात न धुता ३० रात्रींनंतर, किंवा मळलेला दिसल्यास त्याआधीच, टाकून द्यायचा असतो. म्हणजे धुवा म्हणणारा आणि महिन्याने बदला म्हणणारा, दोघेही कोणत्या तरी यंत्राबद्दल खरेच बोलत होते. फक्त ते यंत्र आपले नव्हते.

तंतूंचा फिल्टर धुतल्याने काय होते, तेही सांगतो. त्याचे तंतू एकमेकांवर विस्कटून पसरलेले असतात आणि त्यांच्यामधल्या वेड्यावाकड्या वाटांतून जाताना धूळ अडकते. पाणी लागले की ते तंतू कुठे चिकटून गोळा होतात आणि कुठे फाकतात. गोळा झालेल्या जागी हवा अडते आणि फाकलेल्या जागेतून धूळ सरळ आत जाते. काही बारीक फिल्टरच्या तंतूंवर धूळ ओढून धरण्यासाठी स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तोही साबणाच्या पाण्याने कमी होऊ शकतो. शिवाय साबणाचा अंश आत राहिला तर आपले वडील रात्रभर त्यातूनच श्वास घेणार, आणि आतल्या थरात ओल राहिली तर तेथे बुरशी धरण्याची भीती असते. आपल्या बोटांना लागलेली ओल हीच ती.

फिल्टर इतक्या लवकर का काळा होतो, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. हे यंत्र म्हणजे मूलतः एक लहान, अतिशय वेगाने फिरणारा पंखा आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही उपचारपद्धती प्रसिद्ध केली तेव्हाही तत्त्व हेच होते आणि आजही तेच आहे: खोलीतील हवा ओढायची आणि ठरलेल्या दाबाने घशाकडे पाठवायची, म्हणजे झोपेत सैल पडणारा घसा मिटत नाही. सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून मास्कला बारीक छिद्रे असतात. दाब १० सेंटिमीटर पाण्याच्या (या यंत्राचा दाब याच एककात मोजतात) आसपास असेल तर त्या छिद्रांतून मिनिटाला साधारण ३० लिटर हवा सतत बाहेर पडत असते. सात तासांच्या झोपेत हे साडेबारा हजार लिटर होतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. म्हणजे सव्वादोन रात्रींत आपल्या खोलीभर हवा त्या आगपेटीएवढ्या तुकड्यातून जाते. उच्छ्वास मास्कमधूनच बाहेर जात असल्याने फिल्टरवरचा मळ हा वडिलांच्या श्वासाचा नसून पूर्णपणे खोलीच्या हवेचा असतो, हे लक्षात घ्यावे. समोर रस्ता खोदलेला असताना सहा महिन्यांचा हिशेब आपल्याला लागू पडणारच नाही.

मळलेला फिल्टर तसाच ठेवला तर ठरलेला दाब राखण्यासाठी पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते, आवाज वाढतो, मोटर तापते, आणि अडथळा फार झाला तर दाबही पुरा पडत नाही.

एसीचा फिल्टर कापून बसवणे मात्र कृपया टाळा. त्याची जाडी आणि हवेला होणारा अडथळा या यंत्रासाठी मोजलेला नसतो, शिवाय कात्रीने कापलेल्या कडेचे सुटे तंतू थेट पंख्यात ओढले जातात. फिल्टर नाही म्हणून एखादी रात्र यंत्र तसेच चालवणेही चुकीचे आहे. यासाठी घरात नेहमी दोन-तीन नवे फिल्टर शिल्लक असावेत.

बदलण्याची रीत सोपी आहे. यंत्र बंद करून प्लग काढावा, हवा दमट करण्यासाठी असलेली पाण्याची टाकी आधी बाजूला काढून ठेवावी म्हणजे यंत्र कलते झाले तरी पाणी मोटरकडे जाणार नाही, मग झाकण उघडून जुना फिल्टर काढावा, खाचेतील धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, फुंकर मारू नये, आणि नवा फिल्टर चारही बाजूंनी सपाट बसला आहे ना, हे पाहून झाकण लावावे. काढलेला फिल्टर टाकण्यापूर्वी ट्यूबलाइटसमोर धरून त्याच्या कडा पाहा. मधला भाग करडा आणि चौकटीखाली दबलेली कड पांढरी असेल तर फिल्टर नीट बसला होता. कडही करडी झाली असेल तर हवा बाजूने आत शिरत होती, आणि मग फिल्टर कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही.

देवळालीकर

वरील माहितीत फार मोलाची भर घालण्याची माझी पात्रता नाही, परंतु यजमानांचे यंत्र मी साडेचार वर्षे सांभाळते आहे, त्यातून आलेला अनुभव लिहिते.

आमच्याकडेही फिल्टर महिन्याभरात काळवंडत असे आणि मी रस्त्याला दोष देत होते. एकदा जुना फिल्टर उन्हात नीट निरखून पाहिला तेव्हा त्यावर मातीपेक्षा बारीक, मऊ, निळसर-पांढरे तंतूच जास्त दिसले. ते आमच्या गोधडीचे आणि कापसाच्या गादीचे होते! यंत्र पलंगाशेजारी जमिनीवर, गादीच्या कडेला खेटून ठेवलेले होते. रोज अंथरूण झटकले की उडणारा सगळा भुगा त्याच्या तोंडाशीच बसत होता. मी यंत्र पलंगापासून दोन हात दूर एका बुटक्या स्टुलावर हलवले, पडद्यापासूनही लांब केले, आणि अंथरूण झटकताना त्याच्या मागच्या बाजूवर स्वच्छ फडके टाकू लागले (यंत्र चालू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे लागते). आता आमचा फिल्टर अडीच महिने चालतो.

स्टूल मात्र बुटकेच असावे. यंत्र उशीच्या पातळीच्या खाली राहिले तर थंडीत नळीत साचणारे पाणी मागे टाकीकडे वाहते. ते उंचावर ठेवले तर हेच पाणी मास्कमध्ये उतरते आणि झोपलेला माणूस दचकून जागा होतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हा त्रास आम्ही पुष्कळ भोगला आहे.

दुसरे म्हणजे, आमचे देवघर झोपण्याच्या खोलीतच होते. संध्याकाळी धूप, त्यावर रात्री डासांची कॉइल. त्या दोहोंची काजळी फिल्टरवर काळपट डागासारखी दिसायची, आणि धुराचा वास तर फिल्टर नवा असतानाही मास्कमध्ये यायचा. आता धूप बाहेरच्या खोलीत लावते आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी बांधते. देवाचे काही अडले नाही आणि यजमानांचा सकाळचा खोकलाही थांबला.

द्राक्षबाग

मी पिंपळगाव बसवंत परिसरात राहतो. घर बागेतच आहे आणि दोन वर्षांपासून मी स्वतः सीपॅप वापरतो. वरील ताईंनी वासाचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण माझी याबाबतीत मोठी चूक होत होती.

ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी आणि डावणी या द्राक्षांवरील बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात आणि कधी गंधकाची धुरळणीही होते. यंत्राला फिल्टर आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, अशा समजुतीने मी फवारणीच्या दिवशीही खिडकी उघडी ठेवून झोपत असे. दोन-तीन वेळा घसा जळजळल्यावर मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावून सांगितले की हा फिल्टर धूलिकणांसाठी आहे. औषधाची वाफ, वायू आणि वास तो अडवत नाही, आणि अतिसूक्ष्म प्रकारचा फिल्टर बसवला तरी वायू त्यातून जाणारच. तेव्हापासून फवारणी असेल त्या दिवशी दुपारपासूनच झोपण्याची खोली बंद ठेवतो, आणि शेजारच्या बागेत ब्लोअर चालू असेल तर यंत्रच दुसऱ्या बाजूच्या खोलीत नेतो.

गंधकाच्या धुरळणीनंतर फिल्टरवर पिवळसर झाक दिसते. तसे दिसले की मी महिना मोजत बसत नाही, त्याच दिवशी बदलतो.

तंत्रज्ञसाहेबांना एक विचारायचे आहे. ओझोनने संपूर्ण यंत्र आतून स्वच्छ करणाऱ्या पेट्या मिळतात. त्या वापरल्या तर फिल्टर वारंवार बदलावा लागणार नाही, असे मला सांगण्यात आले. ते कितपत खरे आहे?

निवृत्त तंत्रज्ञ, गंगापूर रोड

ओझोनचा आणि फिल्टरवर साचलेल्या धुळीचा काही संबंध नाही. धूळ आहे तेथेच राहते. उलट ओझोन हा फुप्फुसांना त्रास देणारा वायू आहे आणि तो नळीत व यंत्रात मागे राहू शकतो. सीपॅपच्या स्वच्छतेसाठी विकल्या जाणाऱ्या ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या उपकरणांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली काही जुनी यंत्रे परत मागवली, कारण त्यांच्या आतील आवाज शोषणारा पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका आढळला. उष्णता व दमटपणा यांबरोबरच ओझोनने केलेली स्वच्छताही त्या झिजेला हातभार लावू शकते, असे कंपनीने म्हटले होते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. तो फोम फिल्टरच्या पलीकडे, यंत्राच्या आत असतो. म्हणून नळीत किंवा मास्कमध्ये काळे कण दिसले तर फिल्टर बदलून समाधान मानू नये, यंत्राचा क्रमांक घेऊन कंपनीकडे चौकशी करावी आणि डॉक्टरांना कळवावे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपचार मात्र परस्पर बंद करू नये.

नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावी, मास्कची चेहऱ्याला टेकणारी उशी रोज, आणि टाकीतले उरलेले पाणी दररोज सकाळी ओतून द्यावे. वाळवणे सावलीत. एवढी स्वच्छता पुरेशी आहे, असे मी माझ्या सर्व रुग्णांना सांगत आलो.

ज्यांच्या यंत्रात धुण्याजोगा स्पंजासारखा फिल्टर आहे त्यांनी दोन फिल्टर आलटूनपालटून वापरावेत. धुतलेला फिल्टर टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे, पिळू नये, आणि पुरता वाळेपर्यंत दुसरा बसवावा. पावसाळ्यात तो वाळायला एक दिवसही पुरत नाही. हातात दाबल्यावर त्याचा भुगा पडू लागला तर सहा महिने झाले नसले तरी तो संपला असे समजावे.

जेलरोडवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सात आठवडे झाले, म्हणून काय घडले ते कळवतो.

धुतलेला फिल्टर टाकून नवा बसवला त्याच रात्री शिट्टीचा आवाज थांबला, त्यामुळे यंत्र दुरुस्तीला न्यावे लागले नाही. टाकण्यापूर्वी तो जुना फिल्टर मी ट्यूबलाइटसमोर धरला. तीन कडा पांढऱ्या होत्या; चौथ्या बाजूला, नखाएवढ्या रुंदीची पट्टी मधल्या भागाइतकीच करडी होती. खाचेत पाहिले तर झाकणाच्या एका कोपऱ्यात जुन्या फिल्टरचा फाटलेला धागा अडकला होता आणि त्यामुळे फिल्टर त्या बाजूला किंचित उचललेला राहत होता. तो धागा चिमट्याने काढला.

यंत्र खिडकीखालून काढून आतल्या भिंतीशी बुटक्या स्टुलावर ठेवले आहे. झाडू मारण्याऐवजी त्या खोलीत ओल्या फडक्याने पुसून घेतो. या बदलानंतरचा पहिला फिल्टर सहाव्या आठवड्यात काढला, तेव्हा तो पूर्वीच्या पाच आठवड्यांच्या फिल्टरपेक्षा बराच उजळ होता आणि चारही कडा पांढऱ्या होत्या. रस्त्याचे काम संपेपर्यंत सहा आठवड्यांनीच बदलायचे ठरवले आहे.

वडिलांना फिल्टर टाकून देणे जिवावर येते, हे मी जाणून आहे. म्हणून मी आपला हिशेब त्यांना वाचून दाखवला. सव्वादोन रात्रींत खोलीभर हवा, हे ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग उठून त्यांनी दिनदर्शिकेवर पुढची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली. काढलेला प्रत्येक फिल्टर ते आता तारीख घालून कागदी पाकिटात ठेवतात, आणि पुढच्या महिन्यात तपासणीला जाताना ती पाकिटे डॉक्टरांना दाखवायला सोबत नेणार आहेत.